ठीक पाच वाजता

गाणं शिकवायला गुरू लागतो, शिकायला चिकाटी लागते आणि ऐकायला, विशेषतः दुसऱ्याच्या पोराचं ऐकायला, थोर मन लागतं. त्या गाण्याच्या कार्यक्रमाची पत्रिका काढायला मात्र काहीच लागत नाही. ‘यांचं मराठी बरं आहे’ एवढ्या एका अफवेवर कुणालाही पकडता येतं. पन्हाळ्यावरच्या आमच्या गायनवर्गात ती अफवा माझ्याबद्दल आहे. त्यामुळं ज्येष्ठ संपत आला, की बाकीचा गड ढग बघतो आणि मी याद्या बघतो.

विद्यार्थ्यांचा कार्यक्रम गुरुपौर्णिमेला करायचा अशी सगळीकडे रीत आहे. ही तिथी आषाढात घालणारे लोक पन्हाळ्यावर राहत नसावेत. त्या दिवसांत गडावर धुकं इतकं असतं, की तीन दरवाजापाशी उभं राहिलं तर त्यातला एकही दिसत नाही. वीज असते, पण तिच्या सवडीनं. शिवाय त्याच सुमाराला पावनखिंडीच्या पदभ्रमंतीसाठी शेकडो पोरं गडावर येतात आणि बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी गाड्या लावायला जागा उरत नाही. १६६० च्या आषाढात महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून इथूनच विशाळगडाकडे निघाले. दोन पालख्या, शिवा काशीदसारखा माणूस, सोबत मावळे, भर पावसातली रात्र. एवढी मोठी मोहीम, पण छापील पत्रिका नव्हती, म्हणूनच ती तडीला गेली. पत्रिका छापली असती तर पहिली प्रत जौहरच्या हातात पडली असती आणि दुसरी ‘आमचं नाव का नाही’ म्हणून परत आली असती.

कारण पत्रिकेचं काम सुरू होतं ते नावांपासून.

बाई दरवर्षी ग्रुपवर लिहितात, ‘मुलांची पूर्ण नावं मराठीत पाठवा.’ पालक ती इंग्रजी अक्षरांत पाठवतात. त्या अक्षरांत काटे, कटे, काते आणि कते ही चारही घराणी एकाच स्पेलिंगवर गुण्यागोविंदानं नांदतात. खात्री करायला फोन करावा, तर पलीकडून आवाज येतो, “आमचं आडनाव ठावं न्हाई व्हय तुम्हाला? तीन पिढ्या गडावर हाय आम्ही!” म्हणजे काटे की काते, हे पुन्हा गुलदस्त्यातच. मग हळूच त्यांच्या दारावरची पाटी बघून यावी लागते. एका मुलीच्या नावात अंकशास्त्रवाल्यानं एक ‘ए’ वाढवून दिलेला आहे आणि तो मराठीतही दिसला पाहिजे, अशी आईची अट आहे. खूप विचार करून ‘रियाऽ’ असा अवग्रह घातला. आई खूश झाली. सूत्रसंचालक मात्र त्या चिन्हाचा मान राखायला गेला आणि मुलगी मंचावर येऊन बसेपर्यंत तिच्या नावाचा आलापच घेत राहिला.

पाटलांचं प्रकरण वेगळंच. पन्हाळा तालुक्यात पाटील किती, हे मोजायला बसू नये. एका वर्षी दोन आराध्या पाटील निघाल्या. एक कोडोलीची, एक पोर्ल्याची. घोटाळा नको म्हणून दोघींपुढं कंसात गाव टाकलं. प्रूफ ग्रुपवर जाताच बोरपाडळ्याचा फोन आला, “त्या दोघींची गावं हाईत, आमच्या पोरीला काय गाव न्हाई?” मग सगळ्यांचीच गावं आली. गावं आली म्हणून कुणीतरी इयत्ता सुचवली. इयत्तेमागून शाळा आली. कार्यक्रमपत्रिका उघडली तर मतदारयादी हातात आल्यासारखं वाटायला लागलं. रागाच्या नावाला जागा उरली नाही. पण एकाही पालकानं ‘राग कुठाय’ असं विचारलं नाही, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं.

नावं जमली, की क्रम. इथं चार पक्ष आहेत आणि चौघांचंही बरोबर आहे.

बाईंचं म्हणणं, क्रम परीक्षेप्रमाणं लावा. आधी प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि शेवटी विशारद. लहानांनी अलंकार-सरगम म्हणावी, मोठ्यांनी ख्याल गावा, ऐकणाऱ्यालाही चढण कळावी. तर्क बिनतोड आहे, पण त्यात एक गोम आहे. प्रारंभिकचं पोर पाच मिनिटांत गाऊन उठतं आणि त्याच्याबरोबर आई, बाबा, दोन आज्या, एक आत्या आणि पाण्याची बाटली उठते. विशारदची मुलगी मंचावर येईपर्यंत समोर उरतात तिचे आईवडील आणि सतरंजी गोळा करायला थांबलेला माणूस. म्हणून व्यवस्थापनाचं म्हणणं, लहान पोरं मधेमधे पेरा. दर दोन मोठ्यांमागं एक लहान. श्रोते टिकवून ठेवायचे तर याहून खात्रीचा उपाय अजून सापडलेला नाही.

तिसरा पक्ष तबलजींचा. ते म्हणतात, क्रम पट्टीप्रमाणं लावा. मुली गातात काळी चार-पाचमध्ये, आवाज फुटलेली पोरं एकदम काळी एकमध्ये उतरतात. एका तबल्याला वरखाली ओढायचं म्हटलं तरी किती ओढणार? फार तर एखाददुसरा स्वर. त्यातून आषाढातली हवा. चामडं सादळलेलं, गठ्ठे ठोकून ठोकून हातोडीचा दांडा ढिला झालेला. आमच्या कार्यक्रमात सर्वांत जास्त वेळ चालणारी गोष्ट म्हणजे तबला लावणं, आणि नेमकी तीच पत्रिकेत नसते. एका वर्षी पावसानं इतका जोर धरला, की एका पोराचा भूप होण्याआधी दहा मिनिटं नुसती ठाकठूक चालली. मागच्या रांगेतल्या आजोबांनी ती मनापासून ऐकली आणि शेवटी टाळी दिली.

चौथा पक्ष पालकांचा. त्यांच्या मते क्रम एसटीप्रमाणं लावावा. “आमची शेवटची गाडी हाय, आमचं आधी उरका.” ‘उरका’ हा शब्द शास्त्रीय संगीताच्या कुठल्याच ग्रंथात नाही, पण आमच्या पत्रिकेची अर्धीअधिक रचना त्याच्यावर उभी आहे.

आता हिशेब बघा. २४ विद्यार्थी, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे दोन तास. पाचला सुरू, सातला समाप्त, कागदावर अगदी देखणं दिसतं. पण प्रत्येकाचं मंचावर चढणं, बाईंच्या पाया पडणं, माईक वरचा खाली करणं आणि ‘आवाज येतोय का’ विचारणं याला दोन-दोन मिनिटं धरली तरी ४८ मिनिटं गेली. दीपप्रज्वलन धरलेलंच नाही. पन्हाळ्याच्या वाऱ्यात समईच्या पाच वाती एका वेळी पेटलेल्या राहणं ही स्वतंत्र कला आहे. एवढं सगळं ठाऊक असून आम्ही ठसठशीत अक्षरांत छापतो: ‘कार्यक्रम ठीक पाच वाजता सुरू होईल.’ त्यातला ‘ठीक’ हा शब्द फक्त वाक्याला वजन यावं म्हणून आहे. घड्याळाशी त्याचा संबंध लावणारे पाहुणे बाहेरगावचे असतात, आणि त्यांना सतरंजी अंथरायला मदत करावी लागते.

पाहुण्यांची ओळ हा पत्रिकेतला सर्वांत नाजूक भाग. अध्यक्ष कोण, उद्घाटक कोण आणि नुसतीच ‘प्रमुख उपस्थिती’ कुणाची, हे ठरवायला मुत्सद्दीपणा लागतो. प्रत्येकाच्या नावाखाली आजी-माजी पदं येतात. ‘माजी’ हा शब्द शक्यतो बारीक टायपात घ्यावा. २०२५ च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून स्थळाच्या ओळीतही ‘जागतिक वारसास्थळ’ असं लिहायचा आग्रह होतो आहे. वारसा मिळाला याचा आनंद आम्हालाही आहे, पण त्या ओळीपायी एकदा हार्मोनियमवाल्याचं नाव दुसऱ्या पानावर गेलं आणि तो आठवडाभर बोलला नाही.

याहून धोकादायक अक्षर म्हणजे ‘कै.’ एका गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ ढाल दिली होती. छपाईत ‘कै.’ एक ओळ वर सरकलं आणि चिरंजीवांच्याच नावामागं जाऊन बसलं. ते गृहस्थ पहिल्या रांगेत, पत्रिका हातात. सगळ्यांनी श्वास रोखला. त्यांनी चष्मा लावून ती ओळ नीट वाचली आणि म्हणाले, “असू दे. आज न्हाई तर उद्या बरोबर ठरंल.”

आमची पत्रिका छापायला जाते खाली कोल्हापुरात. वीसेक किलोमीटरचा रस्ता, वाघबिळाचा घाट, पाऊस. प्रेसवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “मॅटर फायनल हाय न्हवं?” फायनल कधीच नसतं. दुसरं वाक्य, “शंभर घ्या न्हाईतर पाचशे, प्लेटचा खर्च त्योच.” ऑफसेटचं हे अर्थशास्त्र कमिटीला एवढं पटतं, की शंभर माणसांच्या कार्यक्रमाला पाचशे पत्रिका येतात. उरलेल्या चारशेंच्या पाठीवर वर्षभर हजेरी मांडली जाते.

ए-फोर कागद मधोमध घडी घातला, की चार पानं होतात. पहिलं मुखपृष्ठ, त्यावर सरस्वती. चौथं जाहिरातीला: भडंग, कांदा-लसूण मसाला आणि गडावरचं झुणका-भाकरीचं हॉटेल. मुखपृष्ठ आणि जाहिरात यांना धक्का लावता येत नाही. उरलेल्या दोन पानांत २४ मुलं, त्यांची गावं, साथीदार, पाहुणे आणि आभार बसवायचे. मग टाइप उतरत उतरत आठ पॉइंटवर येतो. भडंगाची जाहिरात रस्त्यापलीकडून वाचता येते आणि नातीचं नाव आजीला डोळ्यापाशी धरूनही दिसत नाही. वास्तविक पत्रिका मन लावून वाचणारा आजी-आजोबा हा एकच वाचकवर्ग आहे.

प्रूफ येतं आणि खरी मैफल सुरू होते. एका वर्षी मोबाइलवरचा मजकूर प्रेसच्या संगणकात उतरवताना फॉन्ट बदलला आणि सगळे रफार गळून पडले. मोरोपंतांचा जन्म याच पन्हाळ्यावरचा, १७२९ सालचा. त्यांनी एक ‘निरोष्ठ रामायण’ लिहिलं, म्हणजे ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर न घेता अख्खं रामायण. पंतांनी ते मुद्दाम, प्रतिभेच्या जोरावर केलं. त्यांच्याच गावात आमच्या हातून ‘निर्रफार’ पत्रिका निघाली, आणि तीही कुठल्याच प्रयत्नाशिवाय. सरस्वतीचं चित्र पानाच्या आत बघायला हवं म्हणून प्रेसमधल्या मुलानं ते आरशासारखं उलटवलं, त्यामुळं देवी डावखुरी झाली. बाईंनी कपाळाला हात लावला. तबलजी म्हणाले, “डावखुरा असला म्हणून काय झालं, सुरात वाजवलं की झालं.”

रागांच्या नावांचं तर विचारूच नका. हस्ताक्षरात लिहून दिलेल्या ‘भूप’चा ‘भूक’ झाला. त्याच पानावर खाली विशारदच्या मुलीचा ‘पूरिया धनाश्री’ होता, तो ‘पुऱ्या धनश्री’ होऊन आला. ‘छोटा ख्याल’चा ‘खोटा ख्याल’ झाला, पण एका विद्यार्थ्यापुरतं तरी ते दुरुस्त करू नये असं तबलजींचं मत पडलं. मी प्रेसवाल्याला विचारलं, “अहो, असं कसं होतं?” तो म्हणाला, “सर, आमचं सगळं काम लग्नपत्रिकेचं. तिथं येवढं राग नसत्यात. असलं तरी छापत न्हाईत.”

एका परीनं आपलं नशीब, की बहुतेक मुलं प्रवेशिका-मध्यमातच आहेत. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूर दरबारात गायक होते. त्यांचं जयपूर-अत्रौली घराणं अनवट रागांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्यात ‘खोकर’ नावाचा एक राग गातात. तो आमच्या प्रेसमध्ये गेला, तर ‘खोकला’ होऊनच बाहेर येईल. आणि आषाढात पन्हाळ्यावर गाणाऱ्याच्या बाबतीत ते तसं चूकही म्हणता येणार नाही.

जुन्या मैफलीत मुळात पत्रिकेची पद्धतच नव्हती. तंबोरे जुळले, समोर कोण बसलंय ते बघितलं, गळा कसा लागतोय ते अजमावलं, की राग ठरायचा. पुष्कळ उस्ताद तर रागाचं नावही सांगत नसत. ज्याला कळतंय त्याला कळेल, बाकीच्यांनी मान हलवावी. गाण्याला वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि कागद लावला तो विष्णु दिगंबर पलुस्करांनी. तेही इथलेच. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. गाणं शिकले मिरजेला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं. ५ मे १९०१ ला त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, संगीताची पुस्तकं छापली आणि त्यासाठी स्वतःचा छापखानाही उभा केला. मला तर दाट संशय आहे, की बाहेरच्या प्रेसमधून एकदा ‘पुऱ्या धनश्री’ छापून आल्यावरच बुवांनी तो निर्णय घेतला असावा. पुढं १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा घरोघर पोचल्या. जे गाणं दरबारात आणि मोजक्या बैठकींत होतं, ते तलाठ्याच्या आणि एसटी कंडक्टरच्या घरात आलं. आणि गाणं घरात आलं, की पत्रिकेत नाव हवंच.

याच तालुक्यात वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी बालवाद्यवृंद उभा केला. शेतकऱ्यांची, साखर कारखान्यातल्या कामगारांची पोरं ओळीत बसून एका तालात वाद्यं वाजवायला लागली, तेव्हा भलेभले बघत राहिले. वृंदवादनात पत्रिका काढणाऱ्याचं एक सुख असतं. एकच ओळ छापायची, ‘वृंदवादन’. गायनवर्गाला ते सुख नाही. इथं प्रत्येक जण एकल कलाकार आहे, भले त्याला अजून ‘नि’ सापडायचा असेल.

कार्यक्रमाच्या दिवशी पत्रिका आणि प्रत्यक्ष यांची फारकत पहिल्या दहा मिनिटांतच होते. पहिल्या क्रमांकाचं पोर घाटात अडकलेलं असतं. दुसऱ्याला ऐनवेळी रडू येतं. तिसरी मुलगी पत्रिकेत दुर्गा आहे म्हणून दुर्गा जाहीर होताच हळूच सांगते, “बाईंनी काल बदलला, मी यमन गाणार आहे.” मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमचा तंबोरा बाईंच्या मोबाइलवर वाजतो. मध्येच गॅस एजन्सीचा फोन आला, की षड्जाच्या जागी सिलिंडरची चौकशी ऐकू येते. वीज गेली, की माईकही बंद. अशा वेळी पोरं माईकशिवाय, अंधारात, समोरचं कुणी दिसत नसल्यामुळं, फार निर्धास्त गातात. मला स्वतःला दरवर्षीचा तो भाग सर्वांत आवडतो. पत्रिकेत तो घालता येत नाही, कारण वीज मंडळ आधी वेळ कळवत नाही.

श्रोते तोवर पत्रिकेचा यथायोग्य उपयोग करत असतात. कुणी वडा तिच्यावर घेतो, कुणी गळक्या कौलाखाली डोक्यावर धरतो, कुणाचं लहानगं तिची होडी करून दारातल्या ओघळात सोडतं. घडी उघडून, बोट ठेवून, ‘आता सात नंबर चालू आहे’ असं बघणारा श्रोता मला अजून भेटायचा आहे. एक तर बोट ठेवलं आणि नंबर जुळला, असं होतच नाही.

आणि गंमत म्हणजे त्याची तक्रार कुणी करत नाही. दुर्गाचा यमन झाला, पाचाचे सहा वाजले, सातव्याच्या आधी अकरावा गायला, पाहुणे भाषणात गाणं सोडून रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलले, सगळं माफ. तक्रारी येतात त्या दुसऱ्या दिवशी आणि त्या फक्त नावाच्या. एक वेलांटी पहिली हवी होती ती दुसरी पडली म्हणून एक गृहस्थ पावसात भिजत घरी आले. पोरानं सम चुकवली होती, ती त्यांच्या लक्षातही नव्हती. मग मागणी सुरू होते, “चार कापी द्या की, मुंबैला मामाला पाठवायच्यात.” गाणं पाच मिनिटांत हवेत विरलं. त्याचं शूटिंगही झालं, पण त्यात समोरच्या माणसाचं डोकं आलंय. छापलेलं नाव तेवढं कपाटात राहतं. पोराचं नाव आजवर फक्त रेशनकार्डावर आणि गुणपत्रिकेवर छापलेलं असतं. कलाकार म्हणून ते पहिल्यांदा छापलं जातं ते या कागदावर, आणि बहुतेकांच्या बाबतीत शेवटचंही. पुढं कुणी इंजिनीअर होणार, कुणी दुकान बघणार, विशारदपर्यंत जाणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. म्हणून त्या वेलांटीसाठी भिजत आलेल्या माणसावर मला चिडता आलं नाही. त्यांना चहा दिला आणि पेनानं दुरुस्त केलेल्या चार प्रती दिल्या.

त्यातून माझ्या डोक्यात एक सुधारणा आली आणि ती मी कमिटीपुढं मांडली. पुढच्या वर्षी पत्रिकेत फक्त नावं छापायची, चांगली सोळा पॉइंटमध्ये, आजीला बिनचष्म्याची दिसतील अशी. राग, वेळ, क्रम काही नको. नाही तरी ते खोटंच ठरतं. बाई म्हणाल्या, “रागच नको? मग मी वर्षभर काय शिकवलं म्हणायचं?” तबलजी म्हणाले, “क्रम काढा, चालंल. पण साथीचं नाव वर घ्या.” व्यवस्थापनानं भडंगवाल्याची परवानगी लागेल असं सांगितलं. ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

प्रेसवाल्याला मात्र कल्पना एकदम पटली. मजकूर कमी, राग नाहीत, चुकायला जागा नाही. त्यानं लगेच कोटेशन लिहायला घेतलं, आणि मग हात थांबवून विचारलं, “सर, म्हंजी औंदा गाणं ठेवताय न्हवं, का नुसतीच पत्रिका?”